मुंबई हायचा दणका

मी अचलपूरचा, सापन-बिच्छन नद्यांच्या काठी वाढलेला. समुद्र पाहिला तो नोकरीत, तेल शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या जहाजावर. एअरगन दर काही सेकंदांनी दाबलेली हवा सोडायची. दणका तळाखालच्या खडकांवरून परतला की हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, तो टिपत. ध्वनिलहरींच्या अशाच सर्वेक्षणातून अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा पत्ता लागला आणि १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम जहाजानं खणलेल्या विहिरीतून तेल निघालं. त्या पराक्रमाच्या गोष्टींत देवमासे कुठेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. निळ्या देवमाशाची हाक एअरगनच्याच खालच्या पट्टीतली; ती दणक्यांत बुडते.

अशा सर्वेक्षणांसाठी ब्रिटननं १९९५ मध्ये नियम आखले: आधी निदान अर्धा तास निरीक्षकानं पाणी न्याहाळायचं, ५०० मीटरांत डॉल्फिन किंवा देवमासा दिसला तर थांबायचं, मग एअरगनचा आवाज हळूहळू वाढवायचा. रात्री डोळे निरुपयोगी. तेव्हा हायड्रोफोननंच कान द्यावा. तेलासाठी पाण्यात सोडलेली ही यंत्रं देवमाशांसाठीही ऐकत राहावीत आणि त्या नोंदी कोकणच्या मच्छीमारांना मराठीत मिळाव्यात.