प्रसूतिविभागांतील एक खुर्ची

वैद्यकीय विद्यालयांतील वरिष्ठांच्या जाचाचा विषय निघाला, कीं आम्हांस व्हिएन्ना आठवतें. तेथील सार्वजनिक रुग्णालयांत, पहिल्या प्रसूतिविभागांत, प्रोफेसर क्लाइन यांच्या हाताखालीं सेमेलवाइस हे साहाय्यक होते. १८४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं शवविच्छेदनाहून येणाऱ्यांस क्लोरीनच्या पाण्यानें हात धुणें सक्तीचें केलें. एप्रिलांत शेंकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्यें शेंकडा २.

१८४९ मध्यें मुदत संपतांच क्लाइन यांनीं त्यांची नेमणूक वाढविली नाहीं. स्कोडा, रोकिटान्स्की यांच्यासारखे नामांकित अध्यापक पाठीशीं असूनहि कांहीं चाललें नाहीं. अशा छळाला आरडाओरड लागत नाहीं. एक कागद पुरतो. १८५० मध्यें व्याख्यात्याची जागा मिळाली, ती प्रात्यक्षिक केवळ पुतळ्यावर दाखवावें या अटीवर! सेमेलवाइस स्नेह्यांचा निरोपहि न घेतां पेस्टला निघून गेले.

त्यांचाहि स्वभाव मवाळ नव्हता. पुढें विरोधी प्राध्यापकांस त्यांनीं उघड पत्रांतून खुनी ठरविलें. क्लाइन मात्र १८५६ मध्यें मृत्यु येईपर्यंत अध्यापकपदावर निर्वेध राहिले. त्यांच्यामागून ती खुर्ची कार्ल ब्राउन यांस मिळाली. सेमेलवाइस यांच्या जागीं १८४९ मध्यें नेमलेले साहाय्यक ते हेच.