निवृत्तीनंतर परदेशात राहायचे? आधी परवाना कुणाच्या नावावर, ते पाहा

आखातात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाला साठीच्या आसपास एक प्रश्न पडतोच. मुलकात परतायचे, इथेच राहायचे, की तिसरीकडेच कुठे जायचे? म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोलीकडच्या कितीतरी घरांत दस्तरख्वानावर ही चर्चा झालेली आहे. आमच्याकडेही पालकसभा संपली की कुणीतरी मागे थांबते. "सर, तुम्ही वाचता-बिचता, जरा सांगा, म्हातारपणी कुठला देश बरा?"

आम्ही देशाचे नाव घेण्याआधी उलट विचारतो. तिथे राहायचा परवाना कुणाच्या नावावर असेल? आणि ती व्यक्ती आधी गेली, तर मागे राहिलेल्याचे काय? याचे उत्तर बहुतेकांकडे नसते. घराचे भाडे, मशीद किती लांब, भाजी काय भाव, सगळे पाठ असते. हे मात्र कुणी विचारलेले नसते.

नोकरीचा इकामा वेगळा, निवृत्तीचा परवाना वेगळा

तीस वर्षे राहिलो म्हणजे हक्क झाला, हा समज आधी काढून टाकावा. आखाती देशांत नोकरीवरचे वास्तव्य नोकरीबरोबर संपते. परदेशी माणसाला तिथे सरकारी पेन्शन नसते, सेवासमाप्तीची रक्कम मिळते. अमिरातीत पहिली ५ वर्षे दरसाल २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे दरसाल ३० दिवसांचे, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त नाही. हिशेब मूळ वेतनावर होतो, भत्ते त्यात धरत नाहीत. म्हणून हातात पडणारा आकडा पाहून कित्येकांचा चेहरा उतरतो.

नियमही बदलत राहतात. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली आणि ती वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेली. त्या काळात आपल्याकडच्या शाळांत वर्षाच्या मध्येच नवे प्रवेश कसे आले, ते आम्ही वर्गात उभे राहून पाहिले आहे. कुवेतने २०२१ मध्ये साठी ओलांडलेल्या, पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने वाढवणे बंद केले. पुढच्या वर्षी ते सुरू झाले, पण जादा फी आणि खाजगी विम्याच्या अटीवर.

संयुक्त अरब अमिरात

आपल्या लोकांच्या यादीत पहिले नाव हेच. मुंबईहून तीन तासांचा प्रवास, हिंदी-उर्दू चालते, नातेवाईक आहेतच. इथे निवृत्तांसाठी वेगळा परवाना आहे. वय ५५ पूर्ण हवे, मुदत ५ वर्षे, अटी पाळल्या तर पुन्हा वाढतो. पैशाची अट तीनपैकी एका मार्गाने पुरी करता येते: १० लाख दिरहमची मालमत्ता, तेवढीच बचत, किंवा ठरावीक मासिक उत्पन्न. उत्पन्नाची अट १५ ते २० हजार दिरहमची आहे, कुठल्या अमिरातीत अर्ज करता त्यावर ती ठरते. रुपयांत म्हणायचे तर बचत सव्वादोन कोटींच्या वर, नाहीतर महिना साडेतीन लाखांच्या पुढे. आम्ही २००५ नंतर लागलेले शिक्षक, आम्हाला जुनी पेन्शनसुद्धा नाही. त्यामुळे ही यादी आम्ही दुसऱ्यांसाठीच वाचतो.

२० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. त्यातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद २०२२ च्या सुधारणेत आली: मूळ परवानाधारक वारला तरी त्याचे कुटुंब परवान्याची मुदत संपेपर्यंत राहू शकते. नवऱ्याच्या साध्या व्हिसावर असलेल्या विधवेला २०१८ च्या निर्णयाप्रमाणे एक वर्षाची मुदतवाढ मिळते. इद्दतीचे ४ महिने १० दिवस त्यात शांतपणे निघतात, हे खरे. पण उरलेल्या सात-साडेसात महिन्यांत फ्लॅट, बँक, सामान आणि पुढची सोय, सगळे तिला आवरावे लागते. बँकेचे खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर वारसाचे कागद होईपर्यंत पैसे अडकतात. म्हणून तिच्या नावावर वेगळे खाते आणि त्यात वर्षाचा खर्च, हे आधीच करून ठेवावे. यात अपशकुन वगैरे काही नाही. वसीयत लिहून ठेवणे हा तर आपल्या दीनचाच भाग आहे.

मुलगा नोकरीला आहे, तो आई-वडिलांना बोलावून घेईल, असेही पुष्कळ जण धरून चालतात. त्यासाठी मुलाचा पगार चांगलाच मोठा लागतो, परवाना वर्षाचाच असतो आणि आरोग्य विमा सक्तीचा. मुलाची नोकरी गेली की तिघांचे परवाने एकदमच अडचणीत.

सौदी

हरमच्या सावलीत शेवटचे दिवस जावेत, ही तमन्ना कुणाला नसते? पण तमन्ना आणि कागद वेगळे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियम निवासाची फी कायमसाठी ८ लाख रियाल आणि वर्षासाठी १ लाख रियाल ठरली. २०२४ मध्ये आणखी प्रकार आले, त्यातल्या घरमालकांच्या प्रकाराला ४० लाख रियालचे घर लागते. मक्का-मदिन्यात परदेशी माणसाच्या घरखरेदीवर तर खास बंधने आहेत. ज्याला जमेल त्याला मुबारक. बाकीच्यांनी इथेच राहून उमऱ्यासाठी दरसाल पैसे बाजूला टाकावेत, हे आमचे साधे मत.

मलेशिया

हलाल जेवण, मशिदी, हिरवळ, आणि पेनांगसारख्या शहरात भारतीय मुसलमानांची जुनी वस्ती. म्हणून मलेशिया ऐकायला गोड वाटतो. तिथली 'मलेशिया माय सेकंड होम' योजना २००२ पासून आहे. २०२१ मध्ये अटी एकदम कडक झाल्या, महिना ४० हजार रिंगिटचे उत्पन्न मागितले गेले. २०२४ मध्ये पुन्हा नवी रचना आली. आता चांदीच्या श्रेणीत दीड लाख डॉलर मुदत ठेव, किमान ६ लाख रिंगिटचे घर आणि ५ वर्षांचा परवाना. सोन्याच्या श्रेणीत ५ लाख डॉलर आणि १५ वर्षे. सारावाक राज्याची योजना वेगळी आहे, तीही पाहावी. एवढे करून हा परवाना राहण्याचाच, नागरिकत्वाचा नाही. आणि तीन वर्षांत दोनदा नियम बदलले, हे विसरू नये.

तुर्कस्तानबद्दल मालिका पाहून विचारणारे वाढले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई सरकारी आकड्यानेच ८५ टक्क्यांच्या वर होती आणि डॉक्टरशी बोलायला तुर्की लागते. फिरून यावे.

इथले दोर कापू नका

भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. १० लाख रुपयांच्या वर बहुतेक कारणांसाठी २० टक्के टीसीएस आधी कापला जातो. तो विवरणपत्र भरून वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. अनिवासी झाल्यावर शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. आंब्याची कलमे लावायचा विचार असेल तर हे जाण्याआधी पाहा.

आरोग्य विमा सर्वांत महत्त्वाचा. इथल्या बहुतेक पॉलिसी भारतातल्याच उपचारांचा खर्च देतात, म्हणून लोक त्या बंद करून जातात. पुढे सत्तरीत परत आल्यावर नवी पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि मिळेलच याची खात्री नाही. हप्ता भरत राहावा. सरकारी पेन्शन असेल तर दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला परदेशातून कसा देणार, तेही विचारून ठेवावे.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने घर घेण्याआधी जून ते ऑगस्ट असे तीन महिने भाड्याने राहून पाहिले. भर उन्हाळ्यात चाचा फजरनंतर मशिदीतून येत, ते मगरिबपर्यंत खोलीतच. चाचीला गुडघ्याचे दुखणे, लिफ्टपर्यंत चालणेही नको वाटे. जिना उतरून बोलायला शेजारीण नव्हती. परत आले, गावच्या घराला पत्र्याऐवजी कौले घातली आणि मुलाकडे आता फक्त डिसेंबरमध्ये जातात, साध्या भेटीच्या व्हिसावर.