लांबी, पटाशी आणि परिचारिका

लाकूड कुजू नये म्हणून लावायचे डांबरी तेल, खिळ्यांची भोके बुजवायची लांबी आणि खाच पाडायची पटाशी. सुताराच्या रोजच्या वापरातील या तीन वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लासगो शहराच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात पोहोचल्या. जखमी कारागीर जिवंत घरी जाऊ लागण्यात त्यांचा वाटा मोठा होता. मात्र त्या वस्तूंना अर्थ आला तो रात्रंदिवस खाटेपाशी उभ्या राहणाऱ्या बायकांमुळे. त्या बायकांचा इतिहास शल्यविशारदांच्या चरित्रांत सहसा दोन ओळींत उरकला जातो.

प्रथम स्थळ पाहू. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या काठी त्या काळी जहाजबांधणीचा अखंड ठोकाठोकीचा उद्योग चाले. लाकडी जहाजांची जागा लोखंडी जहाजे घेत होती, तरी सुतारांचे काम संपले नव्हते. डेकच्या फळ्या, केबिनची सजावट, जहाज पाण्यात सोडण्याच्या उतरत्या घसरणी आणि कामगार ज्यांवर उभे राहत त्या परांच्या, हे सारे त्यांच्याच हातचे असे.

या धंद्यातील जखमांचे स्वरूप ठरलेले होते. वाकस हे हत्यार स्वतःच्या पायाकडे ओढून चालवायचे असते. घाव चुकला की तो नडगीवर किंवा पावलावर येतो. पटाशी निसटली की तळहातात शिरते. परांचीवरून पडलेल्याचे हाड मोडून कातडीबाहेर येते. त्यातच वाफेवर फिरणारी गोल करवत आली. तिचे पेटंट इंग्लंडमध्ये १७७७ साली सॅम्युएल मिलर याने घेतले होते. हातकरवत बोट कापते, पण हात थांबवला की तीही थांबते. गोल करवतीला कामगार ओरडल्याचे ऐकू येत नाही.

सुताराच्या दृष्टीने बोट जाणे म्हणजे मजुरी जाणे. मालकाकडून भरपाई मिळण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हती. म्हणूनच १८६० साली स्थापन झालेल्या सुतार व जॉइनर यांच्या एकत्रित संघटनेने सभासदांच्या वर्गणीतून अपघात मदत सुरू केली. कायमचे अपंगत्व आले तर १०० पौंड मिळत. हत्यारे चोरीस गेली किंवा जळाली तर त्यांसाठी वेगळी मदत असे. हात आणि हत्यार या दोहोंचा विमा कारागिरांनी स्वतःच उतरवला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ब्रिटनमधील कामगार भरपाईचा कायदा त्यानंतर तब्बल ३७ वर्षांनी, १८९७ साली झाला. हिंदुस्थानात तो यायला १९२३ साल उजाडले.

पैसा मिळण्यासाठी आधी जगणे आवश्यक होते, आणि खरी अडचण तिथेच होती. मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जखम सडत असे. पू, ताप, गँगरीन आणि मृत्यू हा क्रम सर्वांच्या परिचयाचा होता. अवयव कापून टाकणे हा एकच उपाय, आणि त्या शस्त्रक्रियेनंतरही कित्येक जण दगावत. रॉयल इन्फर्मरीची नवी शस्त्रक्रिया इमारत १८६१ साली उघडली. तिच्या तळमजल्याच्या भिंतीलगत, जमिनीखाली अगदी उथळ, १८४९ च्या कॉलऱ्यात मेलेल्यांच्या शवपेट्या एकावर एक रचलेल्या होत्या.

याच इमारतीत जोसेफ लिस्टर काम करत होता. पाश्चरच्या लेखनाकडे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी त्याचे लक्ष वेधले. आंबणे आणि सडणे ही सूक्ष्म जीवांची करणी असेल, तर जखमेतील सडणेही तशीच असणार, असे लिस्टरने ताडले. मग त्या जीवांना मारणारे द्रव्य शोधायचे. कार्लाइल गावी सांडपाण्यात कार्बोलिक ॲसिड मिसळल्याने दुर्गंधी जाते, असे त्याच्या कानी आले होते. कार्बोलिक हे दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे द्रव्य. डांबराच्या त्याच कुळातले क्रिओसोट तेल रेल्वेचे स्लीपर आणि जहाजाची लाकडे कुजू नयेत म्हणून वापरले जात होते. मेलेल्या लाकडाला वाळवी व बुरशीपासून वाचवणारा पदार्थ जिवंत मांसाला वाचवील का, असा हा प्रश्न होता.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ११ वर्षांचा जेम्स ग्रीनलीस रुग्णालयात आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने हाड मोडून जखम उघडी पडली होती. कार्बोलिकात भिजवलेले कापड जखमेवर ठेवण्यात आले. सहा आठवड्यांनी मुलगा स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेला.

यानंतरची गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. शुद्ध कार्बोलिक कातडी भाजून काढी आणि पातळ केले तर लवकर उडून जाई. जखमेवर दिवसभर टिकेल असे काही हवे होते. लिस्टरने खडूची पूड घेतली, उकळलेल्या जवसाच्या तेलात कार्बोलिक विरघळवले आणि दोन्ही मळून लगदा केला. काच बसवणारे आणि सुतार वापरतात तीच ही लांबी, फक्त औषध घातलेली. तिचा थर कापडात घेऊन तो जखमेवर बसवला जाई. १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याने ही पद्धत मांडली तेव्हा लंडनच्या अनेक मान्यवर वैद्यांनी नाके मुरडली.

आकडे मात्र बोलत होते. ही पद्धत येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत अवयव कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांपैकी १६ रुग्ण दगावले होते. पद्धत आल्यानंतर १८६७ ते १८६९ या काळात अशा ४० शस्त्रक्रिया झाल्या आणि मृत्यू ६ झाले. त्याहून महत्त्वाची बाब या आकड्यांत दिसत नाही. जे हातपाय कापावेच लागले नाहीत त्यांची गणना त्यांत नाही.

येथे एक गमतीचा विरोधाभास आहे. आपल्या वॉर्डांची नेहमीची वार्षिक सफाई तीन वर्षे झालेली नाही आणि तरीही रुग्ण बरे होत आहेत, असे लिस्टरने १८७० साली अभिमानाने नोंदवले. जखम राखली की झाले, भिंती कशाही असोत, असा त्याचा रोख होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मार्ग नेमका उलटा होता. हवा, उजेड, स्वच्छ पाणी आणि शिस्तबद्ध परिचारिका हे त्यांचे मूळ सूत्र. सूक्ष्म जंतूंच्या सिद्धांतावर त्यांचा विश्वास बसायला पुढे बराच काळ लागला. दोघांच्याही हाती सत्याचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा जोडण्याचे काम ज्या बाईने केले तिचे नाव फारसे कोणी घेत नाही.

रिबेका स्ट्राँग हे ते नाव. जन्म १८४३, लंडन. लग्न झाले, एक मुलगी झाली आणि विशीच्या आसपास वैधव्य आले. १८६७ साली तिने सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल विद्यालयात प्रवेश घेतला. हे विद्यालय १८६० साली १५ विद्यार्थिनींनिशी सुरू झाले होते. त्यापूर्वीची परिचारिका म्हणजे पुष्कळदा गरीब, वयस्क, निरक्षर बाई. फरशी पुसणे, कोळसा वाहणे आणि रुग्णाला पाणी देणे या कामांत त्या काळी फारसा भेद नव्हता. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीतील दारूबाज सेअरी गँप हे पात्र तिच्याच नावावर कायमचे चिकटले. हे व्यंग्य अन्यायाचेच म्हणावे लागेल, कारण मोलकरणीची मजुरी देऊन तिच्याकडून जीव वाचवण्याची अपेक्षा समाजच करत होता.

डंडी येथील रुग्णालयाचा कारभार पाहून स्ट्राँग १८७९ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत मेट्रन म्हणून आल्या. लिस्टर तोवर शहर सोडून गेला होता, पण त्याचा विद्यार्थी विल्यम मॅक्युएन तेथे शल्यविशारद होता. १८४८ साली ब्यूट बेटावर जन्मलेला हा उंच, हेकट माणूस हत्यारांच्या बाबतीत कारागिराइतकाच चोखंदळ होता.

पटाशी येथे येते. मुडदुसाने वाकडे झालेले पाय सरळ करण्यासाठी मॅक्युएन हाड छेदत असे. सुताराच्या पटाशीला एकाच बाजूने उतार असतो. लाकडाचा पापुद्रा काढायला तो उत्तम, पण हाडात सरळ ठोकली की ती उताराच्या विरुद्ध बाजूस सरकते. मॅक्युएनने दोन्ही बाजूंनी सारखा उतार असलेले हत्यार घडवून घेतले. ते पाचरीसारखे सरळ आत जाई. शिवाय मूठ लाकडी नको, सारे हत्यार एकसंध पोलादाचे हवे, असा त्याचा आग्रह होता. कारण साधे होते. लाकडी मूठ उकळत्या पाण्यात टिकत नाही आणि तिच्या भेगांत घाण राहते.

या ‘उकळण्या’ने सगळे बदलले. लिस्टर जखमेत शिरलेले जंतू मारत होता. आता ते शिरूच द्यायचे नव्हते. हत्यारे, पट्ट्या, कापूस, हात, अंगावरचे कपडे, सगळे निर्जंतुक हवे. शल्यविशारद टेबलापाशी अर्धा तास असतो. त्याआधीचे आणि नंतरचे सर्व तास परिचारिकेचे. तिला जंतू म्हणजे काय हे कळले नाही, तर एका बोटाच्या स्पर्शाने सारी शस्त्रक्रिया वाया. ती आज्ञाधारक असून भागणार नव्हते, तिने समजून काम करायला हवे होते.

मध्यंतरी परिचारिकांच्या निवासाच्या प्रश्नावर व्यवस्थापनाशी बिनसल्याने स्ट्राँग १८८५ साली राजीनामा देऊन गेल्या होत्या. १८९१ साली त्यांना परत बोलावण्यात आले. मॅक्युएनच्या पाठिंब्याने १८९३ साली त्यांनी जे सुरू केले ते त्या काळी अपूर्व होते. वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी विद्यार्थिनींनी सेंट मुंगो कॉलेजात शरीररचना, शरीरक्रिया आणि आरोग्यशास्त्र यांची व्याख्याने ऐकायची, परीक्षा द्यायची आणि मगच रुग्णाला हात लावायचा. आजवर मुलगी वॉर्डात काम करता करता शिकत असे, म्हणजे रुग्णाच्या जिवावर शिकत असे. सुताराचा उमेदवार वाया गेलेल्या फळीवर शिकतो. परिचारिकेपाशी वाया घालवायला फळी नव्हती.

परांचीवरून पडलेल्या माणसाचे आठ-दहा आठवडे कसे जात, याची कल्पना केली म्हणजे या शिक्षणाचे मोल कळते. पाय फळीला बांधलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलवायची, पण मोडलेले हाड हलू द्यायचे नाही. पट्टीखालून वास येतो का, बोटे गार किंवा निळी पडली का, ताप संध्याकाळी चढतो का, हे टिपायचे. डॉक्टर सकाळी येई तेव्हा त्याला रात्रीचा वृत्तांत तयार हवा. गलबतावर शिव्या देणारा दांडगा सुतार वॉर्डातील सिस्टरपुढे निमूटपणे दूध पीत असेल, असे समजायला हरकत नाही. (ब्रिटिश रुग्णालयांत वॉर्डप्रमुख परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणत. मराठी माणसाने ती पदवी साऱ्याच परिचारिकांना देऊन टाकली.)

पुढे पहिल्या महायुद्धात हे सारे धागे एकत्र आले. हातपाय गमावलेले हजारो सैनिक परतू लागले आणि कृत्रिम अवयव पुरेनात. क्लाइडकाठच्या अर्स्किन हाउस या वाड्यात ऑक्टोबर १९१६ मध्ये अशा सैनिकांसाठी रुग्णालय उघडले. त्याच्या उभारणीत पुढाकार मॅक्युएनचा होता. तेव्हा त्याचे वय ६८ होते. अवयव कोण घडवणार? मॅक्युएन थेट जहाजबांधणीच्या कारखान्यांकडे गेला. यारो कंपनीच्या कारखान्यातील लाकडी फरमे घडवणारे कारागीर कामाला लागले. लाकूड निवडले विलोचे, क्रिकेटच्या बॅटीमुळे आपल्याला ठाऊक असलेले, हलके पण चिवट. १९२० पर्यंत येथून साडेनऊ हजारांच्या आसपास कृत्रिम अवयव बसवले गेले.

लाकडी पाय कितीही सुबक असला तरी तो ज्या खुंटावर बसायचा तो तयार असावा लागतो. उरलेल्या मांडीला रोज आवळून पट्टी बांधायची, सूज उतरवायची, तिला आकार आणायचा. हे काम परिचारिकांचे होते. एका बाजूने त्या मांसाला आकार देत, दुसऱ्या बाजूने कारागीर विलोला, आणि दोन्ही आकार जुळले की माणूस उभा राही.

अर्स्किनमध्ये कार्यशाळाही होत्या. तेथे सैनिकांना नवे धंदे शिकवले जात. चांभारकी होती, टोपल्या विणणे होते आणि सुतारकामही होते.

लिस्टरचा जुना वॉर्ड, विरोध होऊनही, १९२४ साली पाडण्यात आला. त्याच वर्षी मॅक्युएन वारला. रिबेका स्ट्राँग १९०७ साली निवृत्त झाल्या होत्या. १९४४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती आणि दुसऱ्या महायुद्धातील जखमी ब्रिटनच्या वॉर्डांत दाखल होत होते.