लखनौची तार

ज्या लखनौत १८५७ च्या उठावातील वेढ्यात इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या गच्चीवरून आलमबागेतील इंग्रज फौजेकडे सेमाफोरच्या खुणांनी निरोप गेले, तेथील तांब्याची दूरध्वनी-तार दीर्घकाळ सरकारी दफ्तराच्याच अखत्यारीत राहिली. दूरचित्रवाणीची तार मात्र खासगी हातांत होती: १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबलवाल्यांनी, अन्य शहरांप्रमाणे येथेही, छपराछपरांवरून आपले जाळे पसरले. केबलचा कायदा मागाहून, १९९५ साली आला, आणि केबलच्या अंकीकरणासाठी लखनौसह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत मिळाली. दरम्यान २००५ साली सरकारी दूरसंचार कंपनी भारत संचार निगमने जुन्याच तांब्यावर, संभाषणाहून वरच्या कंप्रतांवर, सेकंदाला २५६ किलोबिटांची इंटरनेट-सेवा आरंभिली, ही त्या जीर्ण तारेची थोरवीच म्हटली पाहिजे. परंतु अंतरागणिक तांब्यावरचा वेग ओसरतो. म्हणून काचतंतू आला, आणि तो घरोघर नेण्याचे काम निगमने अनेक ठिकाणी त्याच केबलवाल्यांवर सोपविले.