सोल्डरचा दोष बटणावरून ओळखावा

मार्च २००१ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा दिवा नव्हता. खिडकीपाशी किंवा दिव्याखाली बसावे, तरच चित्र नीट दिसे. म्हणून हौशी मंडळी आज त्यात उजळ आयपीएस पडदा बसवतात. पडदा केबलने जोडला जातो. सोल्डर लागते ते बहुधा तीन तारांपुरते. सिलेक्ट धरून एल किंवा आर दाबले की उजेड कमी-जास्त व्हावा, यासाठी या तारा केबलपासून बोर्डावरच्या टीपी (टेस्ट पॉइंट) २, टीपी ८ आणि टीपी ९ या बिंदूंवर लावतात. काम छोटे आहे. पण काही बिघडले की बहुतेक जण तिन्ही सांधे पुन्हा तापवत सुटतात, आणि तिथेच बोर्डाचे नुकसान होते. सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी बटणांना विचारावे.

बटण मोकळे असताना त्याच्या रेषेवर सुमारे ३.३ व्होल्ट असतात. दाबले की रेषा ग्राउंडला जोडली जाऊन शून्यावर येते. प्रोसेसर दहा बटणे दहा बिटांत वाचतो आणि दाबलेल्या बटणाचा बिट ० होतो. टीपीचे आकडे या बिटांच्याच क्रमाने आहेत: २ म्हणजे सिलेक्ट, ८ आर, ९ एल. ज्याने ही योजना केली त्याने दुरुस्ती करणाऱ्यावर उपकारच केले आहेत.

आता लक्षणे पाहा. एल खेळात चालते पण उजेड फक्त आरने बदलतो, एलने नाही, तर मूळ रेषा शाबूत आहे. आपली तार तुटली आहे किंवा तिचा सांधा उघडा आहे. एल सतत दाबल्यासारखे वागते, तर तार किंवा सोल्डरचा थेंब ग्राउंडला टेकला आहे. एल दाबताच आरही दाबले जाते, तर दोन सांध्यांत पूल झाला आहे. तो आधी केबलच्या टोकाशी शोधावा, कारण तिथे तिन्ही तारांचे सांधे दाटीने बसलेले असतात. एल खेळातही मेले, तर बोर्डावरची रेषाच दुखावली असावी.

सर्वांत फसवा दोष म्हणजे ड्राय सोल्डर. यंत्र उघडे असताना सारे चालते, स्क्रू आवळले की बंद पडते. (तार स्क्रूच्या खुंटाखाली चिमटली नाही ना, हेही पाहावे.) ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते. ते आयर्नच्या टोकावर वितळवून थंड तांब्यावर टेकवले, तर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन बसते. चांगल्या सांध्याची कड पातळ होत तांब्यावर पसरते आणि कथील-तांब्याच्या संयुगाचा थर दोघांना बांधतो. भिंगातून ही कडच पाहावी. नुसत्या मंद रंगावरून निकाल देऊ नये. शिसेविरहित सोल्डरचा उत्तम सांधाही मंद दिसतो.

मल्टिमीटर लावण्यापूर्वी सेल काढावेत. ‘बीप’वर विसंबू नये: कित्येक मीटर दहा-वीस ओहमांनाही वाजतात. ओहमवर ठेवून आधी मीटरची दोन्ही टोके एकमेकांना लावावीत आणि आलेला आकडा लक्षात ठेवावा. मग तारेचे दूरचे टोक आणि एलच्या स्विचचा पाय यांत मोजावे. सांध्यावर टोक दाबू नये, कारण दाबाने वाईट सांधाही तेवढ्यापुरता चांगला होतो. लाकडी काडीने तार हलकेच हलवावी. आकडा नाचला, तर दोषी तार सापडली.

तिच्यावर थोडा फ्लक्स, किंचित ताजे सोल्डर आणि दोनेक सेकंदांची उष्णता पुरते. तार ३० गेजची असावी. जाड तार तरफेसारखी तांब्याला उचकटते. बाकीचे दोन सांधे तसेच राहू द्यावेत. टीपी ९ चे तांबे एकदा उखडले, की तार स्विचच्या पायावरच लावावी लागते.