थोरल्याच्या सावलीतले रूपसिंह

आम्हां ग्वाल्हेरकरांच्या तोंडी 'रूपसिंह स्टेडियम' हे नाव एखाद्या पत्त्यासारखे येते. त्या नावामागचा माणूस मात्र आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. त्यांचे थोरले बंधू मेजर ध्यानचंद कोण, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. एकाच घरातील, एकाच संघातील दोन कसबी खेळाडूंविषयी लोकमत इतके निराळे का व्हावे, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

आधी आकडे पाहू. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेस २४-१ असे हरविले. त्यांतील १० गोल रूपसिंहांचे, ८ ध्यानचंदांचे. स्पर्धेत अवघे तीन संघ होते आणि अमेरिकेचा संघ नवखा होता, हे मान्य केले तरी त्या दिवशी धाकटा थोरल्याच्या पुढे होता, हे नाकारता येत नाही.

परंतु लोकस्मृती आकड्यांवर पोसत नाही. तिला गोष्ट लागते. ध्यानचंदांच्या वाट्यास गोष्टी आल्या. चांदण्यातला सराव, काठीत लोहचुंबक असल्याचा संशय, आणि सर्वांत मोठी गोष्ट बर्लिनची. १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात पूर्वार्धात भारताचा एकच गोल झाला होता. उत्तरार्धात गोलांचा सपाटा सुरू होताच प्रतिपक्षाचा खेळ धसमुसळा झाला. गोलरक्षकाशी टक्कर होऊन कर्णधार ध्यानचंदांचा दात पडला. उपचार घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले आणि भारताने सामना ८-१ असा जिंकला.

या दाताने ध्यानचंदांचे कसब तसूभरही वाढले नाही. ते १९२८ च्या ॲम्स्टरडॅममध्येच सिद्ध झाले होते. तेथे त्यांनी १४ गोल केले होते. वाढला तो लोकांचा विश्वास. नुसत्या हातचलाखीस लोक वाहवा देतात, पण मनात कुठेतरी तिला नाजूक समजतात. रक्त दिसले की मग तीच कला मर्दानी ठरते.

रूपसिंहही त्याच मैदानावर, त्याच दांडगाईस तोंड देत खेळत होते. डाव्या बाजूने आत घुसणारा हा खेळाडू कणखर नव्हता, असे कोण म्हणेल? पण सांगण्याजोगी जखम त्यांच्या नावावर नाही, म्हणून गोष्टही नाही. पुढे ते ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात राहिले आणि १९७७ मध्ये याच शहरी निवर्तले.

त्यांच्या नावाचे मैदान मुळात हॉकीचे. पुढे ते क्रिकेटचे झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरांनी पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक तेथेच झळकाविले. त्या आनंदात आम्हीही मनापासून सामील होतो. पण ज्याच्या अंगणात तो सोहळा झाला, त्या यजमानाची आठवण किती जणांस झाली असेल?

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां कुटुंबांना हे शल्य परके नाही. आमच्याही कित्येक पूर्वजांचे कर्तृत्व दप्तरात राहिले आणि नाव तेवढे वाड्यावर उरले. यास्तव एवढेच सुचवावेसे वाटते : नातवंडांना घेऊन त्या फाटकावरून जाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि एका सामन्यातील त्या दहा गोलांची हकिकत त्यांना सांगा.