उपालीच्या घरची भिक्षा

बुद्ध आणि महावीर एकाच काळात, मगध आणि आसपासच्या प्रदेशात वावरले. दोघांनीही वेदप्रामाण्य नाकारले, सृष्टिकर्ता ईश्वर मानला नाही आणि लोकभाषेत उपदेश केला. श्रमण, अर्हत, जिन हे शब्दही दोहोंकडे. साम्य एवढे की १९व्या शतकात कित्येक युरोपीय पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखाच समजत. १८७९ साली हर्मन याकोबी यांनी कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत हा समज खोडून काढला.

मग फरक कुठे? मज्झिमनिकायातले उपालिसुत्त पाहावे. नालंदेचा गृहस्थ उपाली हा निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा उपासक. पाप शरीराने, वाणीने आणि मनाने घडते. त्यांत सर्वांत जड कोणते? शरीराचे, असे निगंठांचे मत. मनाचे, असे बुद्धांचे. वाद करायला गेलेला उपाली बुद्धांचाच उपासक होऊन परतला.

अर्थात ही बौद्धांनी सांगितलेली गोष्ट. जैनांच्या सूत्रकृतांगात याची चांगलीच टर उडवलेली आहे: पेंडीचा गोळा समजून माणसाला शूलावर भाजले तर म्हणे पाप नाही! जैनांनी मनाचा विचारच केला नाही असेही नव्हे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमाद घातलाच आहे. पण मूळ भेद खोल आहे. जैनांचे कर्म हे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य. ते तपाने झाडावे लागते. बुद्धांच्या मते चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म, आणि नित्य आत्मा तर नाहीच. म्हणून एकाकडे उपवासाला मान, तर दुसऱ्याने उग्र तप करून पाहिले आणि सोडून दिले.

मला मात्र त्या सुत्तातली एक गोष्ट फार आवडते. तुझे घर इतकी वर्षे निगंठांची पाणपोई होते, त्यांची भिक्षा बंद करू नकोस, असे बुद्ध उपालीला सांगतात.

आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७) जन्मभर पाली ग्रंथ अभ्यासले, शिकवले, मराठीत आणले. पण 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या पुस्तकात त्यांनी बुद्धांच्या मार्गाचे मूळ पार्श्वनाथांच्या चार यामांत शोधले. आणि शरीर थकल्यावर, जून १९४७ मध्ये, सेवाग्रामला या बौद्ध पंडिताने अन्नत्याग करून देह ठेवला.